एरंडाचं पान आणि आजीचा अंगठा

बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी माझ्या उजव्या स्तनात गाठ धरली. पोलक्याचं कापड लागलं तरी ठणका, अंगात कणकण. आजीने परसातल्या एरंडाचं रुंद पान आणलं, त्याला एरंडेल पुसलं, तव्यावर मऊ पडेपर्यंत शेकलं आणि छातीवर बांधलं. ऊब होती तोवर बरं वाटलं. मग साकळलेलं दूध मोकळं व्हावं म्हणून तिने ती गाठ अंगठ्याने जोर लावून चोळली. रात्री हुडहुडी भरून ताप चढला.

स्तनाच्या अशा सुजेला जुन्या बायका थानेला म्हणतात. गोठ्यात म्हशीची कास अशी टणक झाली की तीच दगडी.

एरंडेलात गुण आहे का? आहे. या तेलाचा जवळपास ९० टक्के भाग रिसिनोलेइक आम्लाचा असतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे आम्ल उंदरांच्या सुजवलेल्या पंजावर लावून पाहिलं. लावल्या लावल्या सूज वाढली. आठ दिवस रोज लावल्यावर मात्र बरीच कमी राहिली. थानेला झालेल्या बाईला आठ दिवस थांबून कसं चालेल? तेवढ्यात आत पू धरू शकतो. २०१२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी हेच आम्ल आतड्याला आणि गर्भाशयाला कसं चेतवतं ते दाखवलं. एरंडेलाने जुलाब का होतात हे त्यातून कळलं, स्तनाच्या सुजेबद्दल काही कळलं नाही. उंदराच्या पंजावरून बाळंतिणीच्या छातीबद्दल खात्री देता येत नाही.

मला काळजी वाटते ती तेलापेक्षा त्या अंगठ्याची. ‘ॲकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन’ने २०२२ साली सांगितलं, की दुधाच्या गुठळीने नळी तुंबते ही समजूतच चुकीची आहे. सूज नळ्यांच्या भोवतीच्या मांसात येते आणि त्या बाहेरून आवळल्या जातात. चोळलं की सूज वाढते. शेकानेही काहींचा त्रास वाढतो. म्हणून गार पट्टी, डॉक्टरांना विचारून आयबुप्रोफेन, आणि बाळ मागेल तेवढंच पाजणं. पंपाने पिळून रिकामं करणं नाही. हात फिरवायचाच तर मांजराच्या पाठीवरून फिरवतो तितका हलका.

तेल लावायचंच असेल तर स्तनाग्र सोडून लावा आणि पाजण्याआधी पुसून घ्या. ते बाळाच्या पोटात गेलं तर त्याला जुलाब होऊ शकतात.

ताप २४ तासांत उतरला नाही, लाली पसरत गेली, तर घरात थांबू नका. जंतुसंसर्ग असेल तर प्रतिजैविक लागतं. गाठ दाबल्यावर आत पाणी हलल्यासारखं लागलं तर सोनोग्राफी करून पू काढावा लागतो. आणि औषधांचा कोर्स संपूनही लाली तशीच राहिली, तर डॉक्टरांना कर्करोगाची शंकाही स्पष्ट विचारा.