सांबरा : एका उपनगरी गावाची जडणघडण आणि लोकसंख्येचा प्रश्न

बेळगाव शहराच्या पूर्वेस सुमारे दहा किलोमीटर अंतरावर वसलेले सांबरा हे मूलतः शेतकऱ्यांचे गाव होय. आज मात्र बाहेरच्या लोकांना ते विमानतळामुळे परिचित आहे. शहर व खेडे, मराठी व कन्नड, स्थायिक व फिरती वस्ती यांच्या सीमेवरील गाव म्हणून सांबऱ्याचा अभ्यास उद्बोधक ठरतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या परिसराचा इतिहास बेळगावच्या किल्ल्याशी निगडित आहे. किल्ल्यातील कमल बसदी हे जैन मंदिर रट्ट राजवटीत इ. स. १२०४ मध्ये उभारले गेले. १४७३ मध्ये बहामनी वजीर महमूद गावान याने किल्ला जिंकला. पुढे आदिलशाही काळात असदखान लारी याच्या कारकिर्दीत तेथे सफा मशीद बांधण्यात आली. पेशवाईच्या अस्तानंतर १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल सुरू झाला आणि कालांतराने बेळगाव हे लष्करी छावणीचे शहर बनले. अशा राजवटींच्या बदलांतून कन्नड, मराठी व दखनी-उर्दू बोलणारे समाज एकमेकांशेजारी नांदू लागले.

विमानतळ आणि वस्ती

सांबऱ्याच्या जीवनाला खरे वळण मिळाले ते दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने येथे धावपट्टी तयार केली. स्वातंत्र्योत्तर काळात येथे भारतीय हवाई दलाची एअरमन ट्रेनिंग स्कूल ही संस्था कार्यरत झाली. देशाच्या सर्व प्रांतांतील तरुण येथे येतात व प्रशिक्षण संपताच निघून जातात. २०१७ मध्ये नवीन प्रवासी टर्मिनलचे उद्घाटन झाले. अशा ठिकाणी मूळ रहिवाशांच्या शेजारी सतत बदलणारी वस्ती असते. म्हणून लोकसंख्येचा नुसता एकूण आकडा पाहून गावाचे खरे स्वरूप कळत नाही.

गाव की शहर?

जनगणनेत एखादे गाव नागरी ठरण्यासाठी तीन अटी आहेत : किमान ५,००० लोकसंख्या, पुरुष कामकऱ्यांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात असणे आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोकवस्ती. शहराजवळच्या अनेक गावांची शेती घटते, मुले नोकरीसाठी शहरात जातात, तरी कारभार ग्रामपंचायतीकडेच राहतो. पाणी, सांडपाणी, रस्ते यांच्या गरजा शहरी आणि साधने मात्र ग्रामीण, अशी त्यांची अवस्था होते.

भाषा आणि आकडे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. हा वाद राजकीय असला तरी सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने त्याचा संबंध शाळा व सरकारी कागद यांच्याशी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात मराठी मातृभाषा असणारे सुमारे १९ टक्के व उर्दू असणारे सुमारे १० टक्के होते. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षण योजनेत, एखाद्या क्षेत्रात १५ टक्के प्रमाण असल्यास महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत द्याव्यात, असे ठरलेले आहे. शाळेत ४० किंवा वर्गात १० विद्यार्थी असल्यास मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय अपेक्षित आहे. संविधानाच्या ३५०-क अनुच्छेदातही हेच तत्त्व आहे. जिल्हा हे परिमाण घेतल्यास मराठी अट पूर्ण करते, उर्दू करीत नाही. तालुका वा नगरपालिका क्षेत्र घेतल्यास चित्र बदलू शकते. म्हणजेच मोजणीचे क्षेत्र कोणते, यावर हक्क अवलंबून राहतो.

समारोप

सांबऱ्यासह कडोली, उचगाव, बेळगुंदी, येळ्ळूर येथे भरणारी ग्रामीण मराठी साहित्य संमेलने भाषेची ओढ दाखवितात. तथापि, केवळ संमेलनांनी शाळा टिकत नाहीत. वर्गात मुले असावी लागतात. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख निश्चित झाली आहे. त्या वेळी प्रत्येक कुटुंबाने आपली मातृभाषा विचारपूर्वक व अचूक नोंदविणे अगत्याचे आहे. मराठी असो, उर्दू असो वा कन्नड, खऱ्या नोंदीवरच पुढच्या पिढीच्या शिक्षणाचे नियोजन उभे राहणार आहे.