दुसऱ्या पसंतीचा कौल

नगरसेवकाच्या निवडणुकीत बोनकोड्यात रात्र रात्र जागणारी माणसे राष्ट्रपती कोण होणार याची साधी चौकशीही करीत नाहीत. ‘ते वरच्या वर ठरते’ असे म्हणून मोकळी होतात. या निवडणुकीत आपल्याला मत नाही, हे त्याचे उघड कारण. परंतु निकाल नेहमी आधीच ठरलेला असतो, ही समजूत खरी नव्हे. १९६९ सालची निवडणूक त्याची साक्ष आहे.

प्रथम पद्धत पाहू. राष्ट्रपतींना मत देतात ते संसदेचे आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य. नामनियुक्त सदस्यांना व विधान परिषदेच्या आमदारांना हा अधिकार नाही. मतदान गुप्त असते व मतपत्रिकेवर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा असतो. पहिल्या पसंतीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो व त्याची मते पुढील पसंतीप्रमाणे इतरांकडे जातात.

३ मे १९६९ रोजी डॉ. झाकीर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांचा पाठिंबा होता चिंतामणराव देशमुखांना; महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्राचे अर्थमंत्रिपद सोडणारे ते चिंतामणराव.

काँग्रेसच्या मतदारांत तेव्हा दोन तट पडले. पक्षाने ठरवलेल्या उमेदवारालाच मत देणे हे कर्तव्य, असे एकाचे म्हणणे. राष्ट्रपती पक्षाचा नसून देशाचा असतो, म्हणून सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे, असे दुसऱ्याचे. पंतप्रधान इंदिरा गांधी या बाजूला होत्या. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी रेड्डींसाठी जनसंघ व स्वतंत्र पक्षाकडे दुसऱ्या पसंतीची मते मागितल्याने वाद आणखी चिघळला.

१६ ऑगस्टला मतदान व २० ऑगस्टला मोजणी झाली. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ व देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. विजयासाठी हवे होते ४,१८,१६९. म्हणजे गिरींना आणखी १६,६५४ ची गरज होती. मागचे उमेदवार बाद होत गेले, तशी रेड्डींच्या खात्यात ९१,८७९ ची भर पडली आणि गिरींच्या खात्यात केवळ १८,५६२ ची. तरीही गिरींचे ४,२०,०७७ झाले व ते निवडून आले; रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. ज्यांची पहिली पसंती हरली होती, त्यांच्या दुसऱ्या आकड्याने देशाचा राष्ट्रपती ठरला! त्याच वर्षी नोव्हेंबरात काँग्रेस दुभंगली.

आता प्रश्न असा, की यात आपण कोठे आहोत? आपण आहोत, पण लोकसंख्येच्या आकड्यात. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे. १९७१ च्या जनगणनेतील ५,०४,१२,२३५ या लोकसंख्येला २८८ आमदारांनी आणि मग १,००० ने भागून ते येते. २०२२ च्या निवडणुकीतही हाच आधार होता. सिडकोची स्थापना १९७० ची. म्हणजे ही गणती झाली तेव्हा नवी मुंबई कागदावरच होती व बोनकोडे हे शेती आणि खाडी यांवर जगणारे गाव होते. ज्यांच्या जमिनीवर शहर उभे राहिले ते आजे-पणजे त्या आकड्यात आहेत. त्यांची नातवंडे आणि येथे वसलेली लाखो माणसे नाहीत.

आमदाराचे मत गुप्त राहावे हे मला पटते. या निवडणुकीत पक्षादेश बजावता येत नाही. गुप्तता गेली तर पक्षाचा धाक वाढेल आणि विवेकाला जागा उरणार नाही. पण १७५ हा आकडा आमदाराच्या स्वतःच्या मालकीचा नाही, तो आपला आहे. म्हणून मतदानापूर्वी आपल्या आमदाराला एवढे तरी विचारावे : राष्ट्रपतीच्या अंगी कोणते गुण असावेत असे आपणांस वाटते? कोणाला मत दिले, हे विचारू नये. कशासाठी दिले, हे जरूर विचारावे. तो प्रश्न विचारण्याचे काम आपण विद्यार्थ्यांनी नाही करायचे, तर कोणी?