सॅल्व्हेज टायटल : अमेरिकेत स्वस्त गाडी घेण्याआधी हे वाचा

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी मुलांची पहिली गाडी बहुतेक वेळा सेकंडहँडच असते. शोधताना एखादी चकचकीत गाडी बाजारभावापेक्षा २० ते ४० टक्के स्वस्त दिसते आणि जाहिरातीत खाली लिहिलेलं असतं, 'रिबिल्ट टायटल'. हे नेमकं काय असतं?

शिक्का कधी बसतो?
टायटल म्हणजे राज्य सरकारने दिलेला गाडीच्या मालकीचा कागद. अपघात, पूर किंवा गारपिटीनंतर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने फार होत असेल, तर विमा कंपनी ती 'टोटल लॉस' ठरवते आणि टायटलवर 'सॅल्व्हेज' असा शिक्का बसतो. ही मर्यादा राज्यागणिक बदलते. न्यूयॉर्कमध्ये ७५ टक्के, फ्लोरिडात ८० टक्के, तर टेक्सासमध्ये १०० टक्के.

सॅल्व्हेज गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. दुरुस्ती आणि सरकारी तपासणी झाली की तिला 'रिबिल्ट' टायटल मिळतं. पण अनेक राज्यांत या तपासणीत मुख्यतः सुटे भाग चोरीचे नाहीत ना, एवढंच पाहतात. त्यामुळे रिबिल्ट म्हणजे सुरक्षित, असं समजू नका.

कारण विचारा
शिक्का का बसला, हे सर्वांत महत्त्वाचं. गारपिटीने पत्रा चेपलेली गाडी चांगली चालू शकते. पुरात बुडालेल्या गाडीचं वायरिंग मात्र आतून गंजत राहतं आणि काही महिन्यांनी बिघाड सुरू होतात. मोठ्या अपघातातल्या गाडीची चासी वाकलेली असू शकते, एअरबॅग बदललेली नसू शकते.

क्लीन टायटलही तपासा
काही जण गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवून हा शिक्का पुसून टाकतात. म्हणून १७ अंकी-अक्षरी व्हीआयएन क्रमांकावरून 'एनएमव्हीटीआयएस' या राष्ट्रीय नोंदणीतला अहवाल काढा. तो थोड्या डॉलरमध्ये मिळतो.

पैसे देण्याआधी
- दुरुस्तीआधीचे फोटो आणि बिलं मागा.
- विक्रेत्याच्या नव्हे, स्वतःच्या ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी तपासून घ्या.
- विमा कंपनीला आधी फोन करा. अनेक कंपन्या अशा गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा देतात. कर्ज मिळणंही अवघड जातं.
- पुढे विकताना तुम्हालाही कमीच किंमत येईल, हे हिशेबात धरा.

विक्रेता कारण सांगायला किंवा तपासणीला टाळाटाळ करत असेल, तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.