गळ टाकायला जायचंय? आधी तलाव कोणाचा ते विचारा

बचत गटाची सहल म्हटली की आपली गाडी शेगावला, नाहीतर पोहरादेवीला. यंदा आमच्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, "दर्शन पुष्कळ झालं. एक दिवस तलावावर गळ टाकून बसू ना!" सगळ्या हसल्या. पण हात मात्र बारा जणींनी वर केले.

मला दोन वर्षांपूर्वीचं आठवलं. मृगाचा पहिला मोठा पाऊस, नाल्याला पूर, आणि तलावातून वर चढणारे मासे. आम्ही चौघी पदर खोचून धावलो, टोपलंभर मासे आणले. विळीवर घेतले तर बहुतेकींच्या पोटात गाभोळी. चवीनं खाल्ली. दुसऱ्या दिवशी मासेमारी संस्थेतले एक म्हातारे मामा दारात आले. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "पोरींनो, बियाणंच खाल्लं तुम्ही." शेतकऱ्याच्या घरात हा शब्द फार लागतो.

मासे पुराच्या उलट चढतात ते अंडी घालायला. रोहू, कतला, मृगळ तर साचलेल्या तलावात सहसा अंडी घालतच नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून पूर्वी त्यांचं बीज नदीतूनच गोळा करत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुळ इथे हिरालाल चौधरी यांनी माशांना इंजेक्शन देऊन अंडी घालवली. तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागलं. संस्था तलावात सोडते ते हेच, पैसे मोजून आणलेलं.

परदेशात सॅल्मन नावाचा मासा असाच समुद्रातून नदीत चढतो. चढताना तो काही खात नाही, तरी पिसांच्या खोट्या माशीवर झडप घालतो, अन् लोक त्या माशीवरच त्याला पकडतात. पण उठले अन् निघाले, असं तिथे चालत नाही. स्कॉटलंडमध्ये परवानगी आधी घ्यावी लागते, रविवारी सॅल्मनची मासेमारी बंद, आणि 1 एप्रिलच्या आधी सापडलेला सॅल्मन जिवंत सोडावाच लागतो.

आम्हीही आता ठरवूनच जाणार. मृग ते श्रावण जायचं नाही. दिवाळीनंतर पाणी निवळतं, तेव्हा सकाळी लवकर. मोठे तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्यानं असतात. संस्थेच्या अध्यक्षांना भेटायचं, एका गळाचे किती घेणार, किती मासे नेऊ देणार ते विचारायचं, आणि चिठ्ठी लिहून घ्यायची. गावतलाव असेल तर ग्रामपंचायतीत विचारा. एकबुर्जीसारखा धरणाचा जलाशय असेल तर त्याच पाण्यावर वाशीम शहर जगतं, तिथे ना धुणं, ना उष्टं.

सामान फार नाही. वेळूची काठी, दोरा, गळ (कोणी गरी म्हणतं), तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा. आमिषाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. आमच्या काकू कणकेत हळद घालतात, मासा त्यानं येतो की नाही देव जाणे!

काठावर मात्र मस्करी नको. काळ्या मातीच्या गाळात पाय रुतला की निघत नाही, म्हणून लांब दोर जवळ ठेवा, सांडव्याच्या भिंतीवर उभ्या राहू नका, आभाळ गडगडलं की गळ गुंडाळा. शिंगट मासा काट्यानं टोचतो, फडक्यानं धरा. पाण्यावर बारक्या पिल्लांचा लालसर थवा दिसला तर तिथे गळ टाकू नका. खाली मरळ राखणीला असते, ती गेली की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.

गाडीचं भाडं गटाच्या बचतीतून घ्यायचं नाही, प्रत्येकीनं आपापलं द्यायचं, असा ठराव आम्ही केला. आणि घरून निघताना "संध्याकाळी मासे आणते" असं सांगू नका. दुपारचा डबा बांधून घ्या, अन् रात्रीची भाजीही सकाळीच चिरून ठेवा.