निचऱ्याची नळी

शिडाच्या छोट्या नौकेंत सुकाणू धरणारा ज्या खळग्यांत बसतो, त्याचा तळ समुद्राच्या पातळीहून किंचित् उंच असतो. त्यामुळें लाटेचें पाणी रबरी नळ्यांवाटे आपोआप खालीं उतरून बुडाच्या भोंकांतून बाहेर जातें. परंतु हीच वाट आंत येण्याचीहि आहे! पाण्याखालीं दोन फुटांवर दीड इंची नळी निसटली, तर मिनिटास शंभर लिटरांहून अधिक पाणी नौकेंत शिरतें.

म्हणून नळी बदलावयाची ती नौका किनाऱ्यावर ओढूनच. जुन्या तोटीच्या भरंवशावर हें काम पाण्यांत करणें निव्वळ अविचार होय. जुनी नळी हिसडून ओढूं नये, उभी चिरावी. नाहीं तर तोटीचें तोंडच मोडतें. नवी नळी जाड व आंत तारेचें वेटोळें असलेली घ्यावी. बागेंतली नळी येथें कुचकामाची. टोक ऊन पाण्यांत धरलें कीं मऊ होऊन सहज चढतें. नंतर न गंजणाऱ्या पोलादाच्या दोन पट्ट्या, पेंच परस्परविरुद्ध बाजूंस ठेवून, आवळाव्या. पुष्कळदां पट्टी उत्तम, पण पेंच साध्या लोखंडाचा निघतो. म्हणून लोहचुंबकास चिकटणारा पेंच नाकारावा. तोटीचें तोंड आंखूड असल्यास एकच पट्टी बरी. दुसरी अर्धवट बाहेर राहून नळीच कापते.

प्रत्येक तोटीशीं त्या भोंकाच्या मापाची, मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीनें बांधून ठेवावी, म्हणजे अंधारांतहि ती हातीं लागते.