कंटेनर जगभर फिरतो, आमच्या मुलांचे पत्र का जाऊ नये?

मानकोली नाक्यावर सकाळी उभे राहिले, की मुंबई-नाशिक महामार्गावरून गोदामांकडे वळणाऱ्या कंटेनरची रांग दिसते. देशोदेशीचा माल आमच्या दाराशी उतरतो. आमचे भाऊ, आमच्या बहिणी तो उचलतात, मोजतात, पॅकिंग करतात. आमच्या शेजारची सातवीतली एक मुलगी एकदा असेच रिकामे खोके उलटसुलट करून पाहत होती. तिने आईला विचारले, "आई, हे काय लिहिलंय गं?" दिवसभराच्या कामाने थकलेली आई म्हणाली, "आपल्याला काय करायचंय? आपण खोकी मोजायची."

त्या माउलीला आम्ही दोष देत नाही. पण "आपल्याला काय करायचंय" हे उत्तर आपल्या घरात मुरले, तर मुलीही खोकीच मोजत राहतील.

भाषा नाकारणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी बालपणीच भोगले. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. ते रडत बसले नाहीत. संस्कृत पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकले. जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून १९२१ साली त्यांनी अर्ज लिहिला, तोही जर्मन भाषेत. पाली शिकून त्यांनी पालीच्या शब्दकोशाचे काम केले. ते राज्य शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात छापले आहे.

ही विद्या त्यांनी समाजासाठी वापरली. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी आपली गाऱ्हाणी संयुक्त राष्ट्रसंघाकडे मांडली, तेव्हा १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांचे थोर विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागितल्या. ड्यू बॉइस यांनी उत्तरही धाडले. दोन खंडांतील दोन पीडित समाज एका पत्राने जोडले गेले.

परदेशाशी नाते आमच्या या मुलखालाही नवे नाही. उल्हास खाडीवरचे कल्याण हे प्राचीन बंदर. तेथील व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाचे लेख कान्हेरीच्या लेण्यांत आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. बुद्धाच्या धम्माने परक्या भाषेच्या माणसाला कधी परके मानले नाही.

आज याचे जिवंत उदाहरण हंगेरीत आहे. तेथील रोमा समाजाच्या मुलांना वेगळ्या वर्गांत, वेगळ्या शाळांत बसवण्याची रीत आमच्या ओळखीची वाटेल. या समाजातील यानोश ओर्शोश आणि त्यांचे सहकारी तिबोर देरडाक यांनी बाबासाहेबांचे चरित्र जाणून घेतले, महाराष्ट्रात येऊन आपल्या लोकांना भेटले आणि २००७ साली साजोकाझा या खेड्यात डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा काढली. तेथेही "जयभीम" म्हटले जाते. रोमांचे पूर्वज फार पूर्वी भारतातून गेलेले. त्यांच्या रोमानी भाषेत कानाला 'कान' आणि पाण्याला 'पानी' म्हणतात. आज हंगेरीतील बहुतेक रोमा हंगेरियनच बोलतात, तरी ही नात्याची खूण मुलांना सांगून पाहा, त्यांचे डोळे कसे चमकतात!

मग आपण काय करावे? इंग्रजी शाळेत नाव घातले की काम झाले, असे नव्हे. मुलाला मराठी नीट लिहिता येत नाही आणि इंग्रजी बोलता येत नाही, अशी गत घरोघरी दिसते. म्हणून आधी मराठी पक्की करावी. रोज घरात एक पान मोठ्याने वाचून घ्यावे. आईला वाचता येत नसेल तर तिने ऐकावे, ऐकणाऱ्यासाठी मूल नीट वाचते. रविवारी विहारात वंदनेनंतर एक तास इंग्रजी संभाषणाला आणि पालीला द्यावा. त्रिशरण-पंचशील आपली मुले पाठ म्हणतात, त्यातल्या शब्दांचा अर्थही त्यांना कळू द्या. दहावीला पाली विषय घेता येतो. त्यासाठी पालकांनी एकत्र येऊन मुख्याध्यापकांना अर्ज द्यावा. मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा दिला आहे, हेही त्यात लिहावे.

आणि शिक्षकांना विनंती, की शाळेमार्फत परदेशातील एखाद्या शाळेशी पत्रव्यवहार सुरू करावा. आपले गाव, आपली खाडी, चौदा एप्रिलची मिरवणूक, एवढे मुलांनी सोप्या इंग्रजीत लिहिले तरी पुरे. उत्तर आले की पुढचे शब्द ती आपणहून शोधतील. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. पण तिथवर पोहोचायची तयारी सातवीतच सुरू व्हायला हवी.

बंधूभगिनींनो, पुढच्या वेळी मुलीने खोके हाती घेऊन "हे काय लिहिलंय" असे विचारले, तर एवढेच म्हणा, "मला येत नाही बाळ, पण चल, आपण विचारून घेऊ."

जयभीम!