अनोळखी घोळक्यात

पार्टीत अनोळखी माणसांशी बोलताना जो संकोच वाटतो, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा एक चुकलेला अंदाज असतो. आपले कपडे, आपले बोलणे, आपण एकटे उभे आहोत ही गोष्ट, सारे काही इतरांच्या नजरेत भरते आहे, असे माणूस धरून चालतो. मग नवऱ्याच्या कंपनीचे गेट-टुगेदर असो, मित्राच्या भावाचे रिसेप्शन असो की नव्या सोसायटीतली पहिलीच कोजागरी, हातात बशी घेऊन तो भिंतीकडेला जातो आणि मोबाइलवरचे वाचून झालेले मेसेज पुन्हा वाचू लागतो.

हा अंदाज किती चुकतो, हे मानसशास्त्रज्ञांनी मोजून पाहिले आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचे चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले. निम्म्या लोकांच्या तरी हे लक्षात आले असेल, असे त्या विद्यार्थ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात ते जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आले होते. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. २०१८ मध्ये एरिका बूथबी, गस कूनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून दिलासा देणारी गोष्ट दाखवली. दोन अनोळखी माणसे थोडा वेळ बोलली, की आपण समोरच्याला फारसे आवडलो नसू, असे दोघांनाही वाटते. आणि खरे तर दोघेही एकमेकांना त्यापेक्षा जास्त आवडलेले असतात. एकत्र राहणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये तर हा गैरसमज कित्येक महिने टिकून होता. पार्टीहून परतताना ‘आपण काय बावळटासारखे बोललो’ म्हणून जो मनस्ताप होतो, त्याला सहसा आधार नसतो.

संकोच वाढत जातो तो लक्ष आत वळल्यामुळे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार घाबरलेला माणूस स्वतःवरच पहारा ठेवू लागतो. आवाज कापतोय का, घाम दिसतोय का, पुढचे वाक्य काय बोलावे, यातच तो गुंततो आणि समोरचा काय म्हणाला, ते निसटते. अवघडलेपण लपवण्यासाठी तो नजर टाळतो, तुटक बोलतो, फोन काढतो. पाहणाऱ्याला मात्र त्यात भीती दिसत नाही, शिष्टपणा दिसतो. बुजऱ्या माणसावर होणारा हा अन्याय मोठा आहे. त्यामुळे ‘आत्मविश्वास बाळगा’ या उपदेशाचा त्याला काडीचाही उपयोग नसतो. आत वळलेले लक्ष बाहेर आणण्यासाठी करता येण्याजोगे काहीतरी हवे.

त्याची सुरुवात वेळेपासून होते. बुजरी माणसे बहुधा उशिरा जातात, आणि तोवर घोळके जमलेले असतात. जरा लवकर पोहोचणाऱ्याला मोजकी माणसे भेटतात, आणि यजमानालाही ओळख करून द्यायला सवड असते. यजमानाची जबाबदारी इथे पाहुण्यापेक्षा मोठी. ‘हे आमचे शेजारी’ एवढ्यावर ओळख संपली, तर दोघे गप्प उभे राहतात. ‘हे नुकतेच कोकणात घर बांधून आलेत, आणि तुम्हालाही बांधायचंय ना?’ असे म्हटले, की यजमान पुढे गेला तरी गप्पा चालू राहतात.

जमलेल्या घोळक्यात शिरणे सर्वांत अवघड वाटते, पण कुठे शिरावे, हे पायांकडे पाहून कळते. बोलणारी माणसे उभी कशी राहतात, याचा अभ्यास ॲडम केंडन यांनी केला. माणसे मधे थोडी मोकळी जागा ठेवून तिच्याभोवती कडे करतात आणि त्या जागेची राखण करतात. दोघे अगदी समोरासमोर, पावले एकमेकांकडे रोखून उभे असतील, तर ते कडे बंद आहे. दोघांच्या पावलांचा काटकोन झाला असेल किंवा तिघा-चौघांत एका बाजूला फट असेल, तर तिथे जागा आहे. फटीशी जाऊन उभे राहावे, बोलणाऱ्याकडे पाहावे, ऐकावे. कोणीतरी अर्धे पाऊल मागे सरकते, कडे रुंदावते, आणि माणूस आत आलेला असतो. तेवढ्यात स्वतःचा विषय काढू नये. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या निरीक्षणानुसार एका गप्पांत साधारण चारच माणसे टिकतात. पाचवा आला, की कडे फुटून दोन होण्याचा संभव वाढतो. म्हणून मोठ्या, हसत्या-खिदळत्या घोळक्यापेक्षा दोघा-तिघांचा गट नवख्याला सोपा जातो. त्याहून सोपे म्हणजे एकट्या उभ्या असलेल्या माणसाकडे जाणे.

पहिले वाक्य चमकदार असण्याची गरज नसते. ‘तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे?’ हा प्रश्न पिढ्यानपिढ्या चोख काम करतो आहे. आडनाव विचारून मग ‘म्हणजे मूळचे कुठले?’ म्हणत खोदत जाणे मात्र टाळावे. महाराष्ट्रात ती वाट जातीकडे जाते, हे विचारणाऱ्यालाही माहीत असते आणि उत्तर देणाऱ्यालाही. पगार, लग्न आणि मुले हे विषयही टाळावेत.

खरी मेख दुसऱ्या प्रश्नात आहे. समजा, समोरचा म्हणाला, ‘मी नाशिकला द्राक्षांच्या निर्यातीत आहे.’ यावर ‘अरे वा, मी बँकेत आहे’ म्हटले, की विषय तिथेच मिटतो. ‘निर्यातीची द्राक्षं वेगळी वाढवतात का?’ असे विचारले, तर घडांची विरळणी, औषधांच्या अंशांची तपासणी, परत आलेला कंटेनर असे काय काय निघते. केरेन ह्वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१७ मधल्या अभ्यासात, उत्तर ऐकून त्यातूनच पुढचा प्रश्न विचारणारी माणसे इतरांना अधिक आवडल्याचे आढळले. असा प्रश्न सुचायला ऐकावेच लागते, आणि ऐकता ऐकता स्वतःवरचा पहारा आपोआप सुटतो. मधूनमधून स्वतःचेही काही सांगावे, नाहीतर उलटतपासणी होते.

निघताना संकोच नको. २०२१ च्या एका अमेरिकी अभ्यासात दोघांनाही हवे तेव्हा संपलेली संभाषणे अवघी दोन टक्के निघाली, म्हणजे नेमकी वेळ सहसा कोणालाच साधत नाही. ‘बरं वाटलं बोलून, जरा यजमानांना भेटून येतो’ एवढे पुरते.

मद्याचा घोट घेऊन जीभ सैल करणारेही आहेत. त्याने भीती त्या रात्रीपुरती दबते, पण त्यावाचून बोलता येते, हा अनुभव कधी मिळतच नाही, आणि घोटाची गरज वाढत जाते.

काहींच्या बाबतीत मात्र हा साधा बुजरेपणा नसतो. चार माणसांत जायच्या कल्पनेने आठवडाभर आधीपासून झोप उडणे, लग्नकार्ये, मुलाखती, बढत्या टाळत राहणे आणि हे महिनोन्‌महिने चालणे, हा आजार आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये त्याचा आपल्या निदानसूचीत समावेश केला. विचार व वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती त्यावर गुणकारी ठरली आहे. काहींना जोडीला औषधे द्यावी लागतात. समुपदेशक जवळपास नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनाशुल्क बोलता येते.